मामा, मोहावी आणि मागचं इंजिन

मामा आमच्याकडे कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला तीन महिन्यांसाठी आले आणि पंधराव्या दिवशी कंटाळले. डिस्नीलँड झालं, देऊळ झालं, कॉस्टको दोनदा झालं. सकाळी उठून मागच्या अंगणात खुर्ची टाकायचे आणि विचारायचे, "इथे जवळपास रूळ नाहीत का रे?"

मामा सेंट्रल रेल्वेचे निवृत्त ड्रायव्हर. 'लोको पायलट' हा शब्द त्यांनी स्वतःसाठी कधी वापरला नाही. नोकरीतली बरीच वर्षं ते कर्जत-लोणावळा बँकरवर होते. गाडी कर्जतला आली की मागून इंजिनं लावायची, बोरघाटात ३७ फुटांमागे एक फूट अशा चढावर तिला लोणावळ्यापर्यंत ढकलायचं, सुटं व्हायचं, खाली यायचं, पुढची गाडी घ्यायची. "अख्ख्या गाडीत ज्याला पुढचं काही दिसत नाही तो ड्रायव्हर म्हणजे मी," असं ते लग्नाकार्यात सांगायचे आणि आम्ही भाचरं हसायचो.

मला गाड्यांच्या फोटोंचं वेड आहे आणि ते कुठून आलं हे सांगायला नको. दक्षिण कॅलिफोर्निया ते उत्तर ॲरिझोना हा वाळवंटी पट्टा मी तुकड्यातुकड्यांत पाहिला होता, सलग कधीच नाही. नोव्हेंबरचा पहिला आठवडा रजा टाकली. दोन कॅमेरे, रेल्वेचा रेडिओ ऐकायला एक स्कॅनर, पाण्याचे चार कॅन. मामांनी बायकोकडून दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घेतली. "वाळवंटात काय मिळणार?" हा त्यांचा प्रश्न, आणि तो बरोबर ठरला.

पहिला दिवस : कहोन खिंड

लॉस एंजेलिसच्या खोऱ्यातून मोहावी वाळवंटात रेल्वेने चढायची मोठी वाट म्हणजे कहोन खिंड. आय-१५ हमरस्ता, जुना रूट ६६, विजेच्या तारा आणि दोन कंपन्यांच्या मिळून चार लाईनी या एका घळीत कोंबल्या आहेत, आणि सान आंद्रेआसची भूकंपरेषा तिला आडवी छेदून जाते. पहिली लाईन १८८५ ची. तिचा चढ ३ टक्के, म्हणजे बोरघाटापेक्षा थोडा जास्तच. १९१३ साली शेजारून २.२ टक्क्यांची, वळसा घेणारी दुसरी लाईन घातली, २००८ मध्ये तिसरी. या तिन्ही बीएनएसएफ कंपनीच्या. चौथी आता युनियन पॅसिफिककडे आहे, ती सदर्न पॅसिफिकने १९६७ मध्ये टाकली होती.

मॉर्मन रॉक्सच्या तिरक्या, गुलाबी खडकांपाशी आम्ही गाडी लावली. रेल्वेच्या हद्दीत पाय टाकायचा नाही, सार्वजनिक रस्त्यावरून काय मिळेल तेवढंच घ्यायचं, हा माझा नियम मामांना आधीच सांगून ठेवला होता. "तू मला शिकवतोस?" म्हणाले.

वर बघून मात्र ते अस्वस्थ झाले. तारा नाहीत. सगळं डिझेलवर. फोटो काढणाऱ्याला ही चैन आहे, खांब नाहीत, जाळं नाही, इंजिन डोक्यापासून चाकापर्यंत मोकळं. विजेच्या इंजिनांवर उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला ते डोक्यावरचं छप्पर उडाल्यासारखं वाटत असावं.

वीसेक मिनिटांनी खालून घरघर सुरू झाली. पुढे तीन नारिंगी इंजिनं, मागे एकावर एक दोन कंटेनर रचलेले डबे, माणूस चालावा त्याहून जरासा बरा वेग. मी इंजिनांवर नेम धरून बसलो होतो. शटर दाबून मागे पाहिलं तर मामा इंजिनांकडे बघतच नव्हते. ते गाडीच्या शेपटाकडे बघत होते, आणि शेपूट अजून वळणाआड होतं.

"मागे किती लावलीत?"

"दोन असतील."

दोनच होती. शेवटच्या डब्याला टेकून, धूर ओकत, जीव खाऊन ढकलत होती. मामांनी हात वर केला. पलीकडून काहीच झालं नाही. मग मी त्यांना सांगितलं की मागच्या इंजिनांत कुणी नसतं. पुढचा ड्रायव्हर रेडिओवरून तीही चालवतो. त्याने नॉच (इंजिनाच्या जोराची पायरी) वाढवला की मागे वाढतो, ब्रेक लावला की मागूनही लागतो. गार्ड तर १९८० च्या दशकातच गेला. गाडीच्या टोकाला एक लुकलुकणारं खोकं अडकवलेलं असतं, ते शेवटच्या टोकाचा हवेचा दाब पुढे कळवतो. तीन किलोमीटरच्या गाडीवर माणसं दोन, आणि दोघंही पुढच्या केबिनमध्ये.

मामा अर्धा तास काही बोलले नाहीत. दशमी खाऊन झाल्यावर म्हणाले, "म्हणजे माझी नोकरी यांनी खोक्यात घातली."

संध्याकाळी उतरणाऱ्या गाड्या पाहिल्या. डायनॅमिक ब्रेकचा, म्हणजे इंजिनाच्या मोटारींनीच गाडी रोखून धरण्याचा, तो चिरका आवाज खिंडीत कितीतरी वेळ घुमत राहतो. १२ मे १९८९ ला इथूनच उतरणारी सदर्न पॅसिफिकची मालगाडी हातातून सुटली होती. ट्रोना नावाच्या खनिजाचं वजन कागदावर प्रत्यक्षापेक्षा फार कमी धरलं गेलं होतं आणि काही इंजिनांचे डायनॅमिक ब्रेक कामच करत नव्हते. गाडी सान बर्नार्डिनोत डफी स्ट्रीटच्या घरांवर जाऊन पडली, चौघे गेले. तेरा दिवसांनी त्याच जागी जमिनीखालची पेट्रोलची वाहिनी फुटून पुन्हा आग लागली. मी हे सांगत असताना मामांनी मधेच एकच प्रश्न विचारला. "वजन कुणी लिहिलं होतं?" घाटातल्या माणसाला आग नंतर सुचते, आधी लोड.

मुक्काम बारस्टो.

दुसरा दिवस : बारस्टो, ॲम्बॉय, केल्सो

बारस्टो हे नावच रेल्वेचं. सांता फे कंपनीचे अध्यक्ष विल्यम बारस्टो स्ट्राँग यांचं मधलं नाव गावाला दिलं. उजाडता उजाडता आम्ही 'कासा देल देसिएर्तो'समोर होतो. १९११ सालची ही कमानींची इमारत, एकेकाळी फ्रेड हार्वेचं हॉटेल. डायनिंग कार सर्रास नव्हत्या त्या काळात सांता फेच्या प्रवाशांना वाटेत बरं जेवण मिळावं म्हणून हार्वेने अशी घरं वाळवंटभर उभी केली. पलीकडे यार्ड. टेकाडावर डबे ढकलायचे, कपलिंग सोडायचं आणि उतारावरून ते आपापल्या लाईनीत घरंगळू द्यायचे. चाकांना पकडणाऱ्या रिटार्डरची किंकाळी सकाळच्या गारव्यात गावभर ऐकू जाते. मामांनी मुगलसरायचं यार्ड आठवलं आणि हा वेळ वाया गेला नाही असं जाहीर केलं.

लडलोपासून आम्ही जुना रूट ६६ धरला. पुरात मोडलेल्या लाकडी पुलांमुळे त्याचे काही तुकडे बंद होते, म्हणून ॲम्बॉयपर्यंतच. डावीकडे उघडे डोंगर, उजवीकडे ॲम्बॉयचा काळा ज्वालामुखी, पुढे मिठाचं पांढरं तळं, आणि रस्त्याला समांतर दुपदरी लाईन. लॉस एंजेलिस ते शिकागो हा बीएनएसएफचा मुख्य मार्ग. १८८३ मध्ये ही लाईन टाकताना इंजिनिअर लुईस किंगमन यांनी स्टेशनांची नावं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने ठेवली : ॲम्बॉय, मग पूर्वेकडे कॅडिझ, डॅनबी, एसेक्स, फेनर, गॉफ्स. जिथे गावच नाही तिथे नाव कशावरून ठेवणार? ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते.

वाळवंटात गाडी येत नाही, आधी तिचा दिवा येतो. दूर टोकाला एक ठिपका उगवतो आणि चांगली दहा-बारा मिनिटं तो ठिपकाच राहतो. मधे तापलेली हवा डुचमळत असते, त्यामुळे ठिपका कधी दोन होतो, कधी पाण्यावर तरंगतो. या वेळात माणूस तीन वेळा लेन्स बदलतो. मीही बदलली, भर वाऱ्यात, दार उघडं टाकून. सेन्सरवर बसलेले वाळूचे कण संध्याकाळी दिसले. पुढच्या चार दिवसांच्या प्रत्येक फोटोत आकाशात उजव्या कोपऱ्यात तीन काळे डाग आहेत. ते काढता येतात, पण माझा मूर्खपणा म्हणून दोन फोटोंत ठेवलेत.

एवढं करून लांब लेन्सचे दुपारचे सगळे फोटो फुकट गेले. इंजिन वितळतंय असं दिसतं. दहा ते तीनपर्यंत वाळवंटात जवळचं काढावं नाहीतर झोपावं. गाडी मात्र बघण्यासारखी होती. सगळी ट्रेलरची, ताशी सत्तर मैलांनी गेली आणि मागे पार्सलांचा वारा सोडून गेली. पुढच्या जीई इंजिनाला सहा ॲक्सल, पण मोटारी फक्त चारांना. बिहारमध्ये मढौऱ्याच्या कारखान्यात आपल्या ब्रॉडगेजसाठी बनणारी डिझेल इंजिनं याच घराण्यातली. "भावकी," मामा म्हणाले.

केलबेकर रस्त्याने वर केल्सोला पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. ही लाईन युनियन पॅसिफिकची, लॉस एंजेलिस ते सॉल्ट लेक सिटी, १९०५ ची. आसपास मैलोन्‌मैल वस्ती नाही, आणि मधेच हे कौलारू, कमानींचं, खजुरांच्या झाडांतलं देखणं स्टेशन, १९२४ चं. कशाला? तर इथून पुढे 'सीमा' नावाच्या ठिकाणापर्यंत सुमारे अठरा मैल २.२ टक्क्यांचा सलग चढ आहे. वाफेच्या इंजिनांना इथे पाणी लागे आणि चढासाठी मागून जोडीला इंजिन लागे. ती इंजिनं, त्यांचे ड्रायव्हर, फायरमन सगळे केल्सोत राहत. दुसऱ्या महायुद्धात जवळच्या व्हल्कन खाणीतलं लोखंड फाँटानाच्या पोलाद कारखान्याला जायचं, तेव्हा इथे दोनेक हजार माणसं होती. मग डिझेल आलं, खाण बंद झाली, गाव विरलं. १९८५ मध्ये स्टेशनही बंद झालं. आता ते मोहावी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्राच्या ताब्यात आहे.

आत जायची वेळ टळली होती. मामांनी काचेला नाक लावून उपाहारगृहाचा वळणदार काउंटर पाहिला. वरच्या मजल्यावर रेल्वेच्या माणसांसाठी झोपायच्या खोल्या होत्या असं मी वाचून दाखवलं.

"रनिंग रूम," ते म्हणाले. "आणि हे कर्जत."

मग बाकावर बसून त्यांनी मला पाऊण तास कर्जत सांगितलं. पहाटे अडीचला कॉलबॉय कसा उठवायचा, पावसाळ्यात मंकी हिलपाशी धुक्यात पुढचा डबाही कसा दिसायचा नाही, मग फक्त कपलिंगच्या धक्क्यावरून आणि पुढच्याच्या शिट्टीवरून हातातलं हँडल कसं ठरवायचं. डब्ल्यूसीजी-२ इंजिनाच्या केबिनमधला उकाडा. आईला त्यांनी कधी न सांगितलेला एक प्रसंग, तो इथेही लिहित नाही. मी कॅमेरा गाडीतच ठेवला होता. दरम्यान एक मालगाडी चढून गेली, सोनेरी उजेडात, जोशुआ झाडांच्या दिशेने. त्या ठिकाणची ती बहुधा सर्वांत सुंदर फ्रेम असती. जाऊ दे.

तिसरा दिवस : नीडल्स आणि टोपॉक

नीडल्स सुमारे ५०० फुटांवर, पश्चिमेला गॉफ्स अडीच हजारांवर. सकाळी गॉफ्सच्या चढावर तीन तासांत अकरा गाड्या पाहिल्या. मामांनी वहीत प्रत्येकीची पुढची आणि मागची इंजिनं लिहिली : ४+२, ३+१, ५+०. पाच अधिक शून्य त्यांना पटली नाही.

दुपारी टोपॉकला कोलोरॅडो नदी. हिरवट-निळं पाणी, दोन्ही काठांना भाजलेले डोंगर, त्यावरून रेल्वेचा पूल आणि शेजारी १९१६ ची पांढरी कमान. तीवरून पूर्वी रूट ६६ जायचा, आता गॅसची वाहिनी जाते. पुलाचं कामही संपलं तरी त्याला दुसरं काम सापडतं. माझा तिथला फोटो साधारण आला. उजेड चपटा होता आणि गाडीत अर्धे डबे रिकामे.

चौथा दिवस : किंगमन ते फ्लॅगस्टाफ

मुळाक्षरवाले किंगमन साहेब यांचंच नाव या गावाला. बागेत सांता फेचं ३७५९ नंबरचं वाफेचं इंजिन उभं आहे. त्याच्या चाकापाशी मामांचा एकमेव फोटो, ज्यात ते हसताहेत. ट्रक्सटनच्या दरीत लाईन रस्त्याला कधी खेटते, कधी सोडते, तिथे थांबत थांबत गेलो. सेलिगमनला सांता फेने १९६० मध्ये नवा, सरळ मार्ग काढला आणि वाटेतली ॲश फोर्कसारखी गावं मुख्य लाईनवरून पुसली गेली. पुढे रूट ६६ चंही तेच झालं. आता तिथे सगळं पर्यटकांसाठी गुलाबी रंगवलेलं आहे. थांबलो नाही.

फ्लॅगस्टाफ जवळपास ७,००० फुटांवर, गाडीतून उतरताच दात वाजले. १९२६ चं स्टेशन, समोर गजबजलेला रस्ता, आणि गावाच्या मधोमध दर वीस-पंचवीस मिनिटांनी मालगाडी. पण हॉर्न नाही. एरवी फाटकापूर्वी दोन लांब, एक आखूड, एक लांब असा हॉर्न द्यावाच लागतो. इथे फाटकांवर जादा अडथळे बसवून तो बंद केलाय, लोकांना झोप लागावी म्हणून. मला शांतता आवडली. मामांना नाही. "हॉर्न न देता जाणारी गाडी चोरासारखी वाटते," म्हणाले आणि हॉटेलच्या खिडकीत बसून चोर मोजत राहिले.

पाचवा दिवस : कॅनियन डायब्लो

टू गन्सच्या पडक्या पेट्रोल पंपापासून उत्तरेला मातीचा रस्ता जातो. रस्ता म्हणायचं म्हणून. दुसऱ्या मैलावर टायर गेला. मी जॅक लावत होतो आणि मामा दगड कुठे ठेवायचा हे सांगत होते. चारही चाकांना ओट लावल्याशिवाय त्यांनी मला नट सैल करू दिला नाही. तो पाऊण तास गेल्यामुळे सकाळची पूर्वेला जाणारी गाडी हुकली. तिच्यासाठीच तर आलो होतो. सकाळी ऊन पूर्वेकडून, म्हणजे शिकागोकडे जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर पडतं.

दरी एकदम येते. सपाट माळ चाललेला असतो आणि पुढच्या पावलाला जमीन नाही. दोनशे फुटांहून खोल, पांढऱ्या चुनखडीची. पहिला पूल १८८२ चा, लोखंडी, कोळ्याच्या पायांसारखा. आत्ताची पोलादी कमान १९४७ ची. आम्ही कडेपासून बेताने लांब, तिरक्या जागी उभे राहिलो.

स्कॅनरवर डिटेक्टरचा यांत्रिक आवाज आला. रुळाकाठचं ते यंत्र तापलेले ॲक्सल, लोंबणारे सुटे भाग तपासतं आणि गाडी निघून गेली की स्वतःच रेडिओवर बोलतं : दोष नाही, ॲक्सल इतके. मामांना या सगळ्या प्रवासात मनापासून आवडलेलं हे एकच यंत्र. आकडा ऐकून ते म्हणाले, "मोठी आहे."

आली ती विन्स्लोकडून, पश्चिमेला जाणारी. विन्स्लोपासून फ्लॅगस्टाफपर्यंत दोन हजार फूट चढ, म्हणजे गाडी मेहनत करत होती. पण तोंड सावलीत. मी कॅमेरा खाली घेतला.

"मागचं बघ की," मामा म्हणाले. "त्याच्यावर पडलंय ऊन."

एवढी साधी गोष्ट. तोंड सावलीत असेल तर पाठ उजेडात असणार. दहा वर्षं मी सकाळी पश्चिमेला जाणाऱ्या गाड्या सोडून दिल्या होत्या. पूर्ण चार मिनिटं कमानीवरून कंटेनर सरकत होते, निळे, तांबडे, करडे, खाली त्यांची सावली दरीच्या भिंतीवर. मी कडा, कमान आणि आकाश मापून घेतलं, फोकस हाताने बांधला. मग शेवटची दोन इंजिनं पुलावर आली. नारिंगी रंग पेटल्यासारखा, वर काळपट धुराचा फुगारा, केबिनच्या काचेत ऊन. आत कुणी नाही.

सात फ्रेम काढल्या. तिसरी चांगली आहे. डावीकडच्या कोपऱ्यात एका तळहाताचा अंधूक तुकडा आलाय. कापून टाकता येईल, पण असू दे. कुणी नाही हे मामांना ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा हात खिशात घालत म्हणाले, "आडनाव लावल्यासारखं झालंय ते."

मुक्काम विन्स्लोला, ला पोसादात. मेरी कोल्टर यांनी रचलेलं, १९३० मध्ये उघडलेलं, हार्वे घराण्यातल्या शेवटच्या काही हॉटेलांपैकी एक. १९५७ मध्ये बंद पडलं, रेल्वेने आत कचेऱ्या थाटल्या, १९९७ पासून पुन्हा हॉटेल. खासियत ही की त्याचं एक तोंड रस्त्याकडे आणि दुसरं थेट रुळांकडे. रात्री बागेत बसून मामांनी वहीची बेरीज केली. पाच दिवसांत पुढची दोनशे चौदा, मागची एकशे एक.

सहावा दिवस : चार नंबर

पहाटे, तांबडं फुटायच्या आधी, फलाटावर सातजण होते. आम्ही दोघं सोडून बाकी सगळ्यांकडे बॅगा. लॉस एंजेलिसहून आदल्या संध्याकाळी सुटलेली शिकागोची साउथवेस्ट चीफ, ॲमट्रॅक या प्रवासी रेल्वेची चार नंबर. या लाईनवर आम्ही शेकडो डबे पाहिले होते, माणसांचे हे पहिलेच. दोन मजली सुपरलायनर, वरच्या खिडक्यांत पांघरुणं, एका काचेला टेकलेलं लहान मुलाचं डोकं.

अंधार म्हणून कॅमेऱ्याचा आयएसओ १२,८०० वर नेऊन मी दोन-चार काढले. हलले.

कंडक्टर बाई खाली उभ्या होत्या. माणसं चढली, त्यांनी फलाट दोन्ही बाजूंनी पाहून घेतला, मागे वळून पुन्हा एकदा पाहिला, आणि रेडिओवर म्हणाल्या, "हायबॉल." खांबावर गोळा वर चढवला की लाईन मोकळी, त्या जुन्या काळातला हा शब्द अजून वापरात आहे. गाडी हलली. त्या दारात उभ्या राहिल्या, अर्धं अंग बाहेर, नजर शेपटाकडे.

मामांनी हात वर केला. बाईंनी पण.

लाल दिवे पूर्वेकडच्या अंधारात बारीक होईपर्यंत ते तसेच उभे होते. मग मफलर घट्ट केला आणि म्हणाले, "चहा बघ कुठे मिळतोय का. दुधाचा."